डावी बाजू, उजवी बाजू

घरी आठ-दहा पाहुणे जेवायला येणार असले की हल्ली बेताइतकाच विचार मांडणीचाही होतो, आणि त्यात गैर काही नाही. पुण्यातल्या कर्वेनगरसारख्या भागात, जिथे दोन-तीन खोल्यांच्या घरात दिवाणखाना आणि जेवणाची जागा बहुधा एकच असते, तिथे टेबलावर काय कुठे ठेवायचे हा प्रश्न खराच आहे. पण त्याचे उत्तर बहुतेक जण फोनवर शोधतात, आणि तिथे दिसते ती लाकडी फळी: मधोमध चीज, भोवती द्राक्षांचे घोस, बिस्किटांची वळणदार रांग, फटींत बदाम आणि अंजीर, वर कसल्याशा सुगंधी पाल्याची काडी. हे चित्र वरून, थेट छताच्या बाजूने काढलेले असते. पाहुणा मात्र छताला लटकून जेवत नाही. तो एका बाजूला बसतो, त्याला ताट तिरके दिसते, त्याचा एकच हात कामाचा असतो आणि गप्पा मारता मारता, फारसे न बघता त्याला घास घ्यायचा असतो. मांडणी कॅमेऱ्यासाठी करायची की या हातासाठी, हे आधी ठरवायला हवे. मराठी घरांनी ते फार पूर्वी ठरवून ठेवले आहे. पान कसे वाढायचे याची जी रीत आपल्याकडे आहे, ती म्हणजे या प्रश्नाचे पुरते विचार केलेले उत्तर आहे, आणि ते सणावारी केळीच्या पानापुरते राखून ठेवण्यात आपलेच नुकसान आहे, असे माझे म्हणणे आहे.

ही रीत अनेकांना पाठ असते, तिच्यामागचा हिशेब मात्र क्वचितच कोणी सांगतो. वरच्या कडेला मधोमध मीठ. त्याच्या डावीकडे लिंबाची फोड, मग चटणी, लोणचे, कोशिंबीर. पापड-कुरडई आणि भजीही याच अंगाला. उजवीकडे कोरडी भाजी, अळूची किंवा दुसरी पातळ भाजी, उसळ, आमटीची वाटी. समोर, खाणाऱ्याच्या अगदी जवळ, भाताची मूद, तिच्यावर साधे वरण आणि त्यावर तूप. पोळी-पुरीची जागाही याच पट्ट्यात. घराघरांत थोडाफार फरक असतो, कोशिंबिरीवरून तर सासर-माहेरचे वाद होतात, पण मुख्य विभागणी ढळत नाही. डावीकडे तोंडीलावणी, म्हणजे ज्यांचे प्रमाण बोटाच्या पेराएवढे, चव जहाल आणि गरज अधूनमधून. उजवीकडे जे घासागणिक लागते आणि पुन्हा पुन्हा वाढून घेतले जाते. जेवणारा उजव्या हाताने जेवतो, त्यामुळे आमटीत बुडवलेला पोळीचा तुकडा तोंडाशी येताना ताटावरून आडवा जात नाही. आमटीची वाटी डावीकडे ठेवून पाहा: पहिला थेंब भातावर, दुसरा कोशिंबिरीत आणि तिसरा सदऱ्यावर. चटणीसाठी हात मुद्दाम पलीकडे न्यावा लागतो, आणि तेवढी अडचण असलेली बरी. लसणाची चटणी फार सहज हाताशी आली तर वरण-भाताची चव कळायच्या आत जीभ पेटलेली असते. थोडक्यात, सर्वांत सौम्य पदार्थ सर्वांत जवळ आणि सर्वांत झणझणीत पदार्थ सर्वांत दूर.

याहूनही शहाणपण आहे ते वाढण्याच्या क्रमात. आधी मीठ, मग डावी बाजू पुरी, मग उजवी, आणि भात-वरण-तूप सर्वांत शेवटी. पन्नास पानांच्या पंगतीत चार वाढपी एका टोकाकडून निघाले तरी शेवटच्या पानाशी पोहोचायला वेळ लागतो. मीठ, लिंबू, लोणचे, सुकी चटणी पंधरा मिनिटे पानावर बसून राहिली तरी त्यांचे काही जात नाही. भात मात्र वाफाळताच यायला हवा. तो आला, त्यावर तूप पडले, की सगळी पंगत एकदमच हात घालते. म्हणजे डावे-उजवे ही जितकी जागेची विभागणी आहे तितकीच वेळेचीही आहे. डावे ते आधी मांडून ठेवता येण्यासारखे. उजवे आणि मधले ते ऐन वेळचे. घरी पाहुणे बोलावणाऱ्याला नेमके हेच हवे असते. सात वाजता डाव्या बाजूचे सगळे वाट्यांत काढून झाकून ठेवले, तर आठ वाजता फक्त गरम पदार्थांकडे बघायचे उरते. यात तीन अपवाद आहेत. काकडीची कोशिंबीर आधी कालवली तर तिला पाणी सुटते; तेव्हा चोचवलेली काकडी वेगळी, दाण्याचे कूट वेगळे आणि मीठ-दही पाने घेताना. ओल्या नारळाची चटणी पुण्याच्या एप्रिल-मेमध्ये बाहेर ठेवली तर आंबते, ती फ्रिजमधून शेवटी काढावी. आणि पावसाळ्यात पापड सादळतो.

यावर एक शंका लगेच येईल की ही सगळी नंतर चिकटवलेली कारणे आहेत. मुळात तो धार्मिक आचार, त्याला कसला आलाय हिशेब. या शंकेला चांगले उत्तर जुन्या ग्रंथातच मिळते, तेही जरा अनपेक्षित. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानातील ४६व्या अध्यायात कोणता पदार्थ कोणत्या भांड्यात आणि कोणत्या बाजूला वाढावा हे सांगितले आहे. तूप लोखंडाच्या भांड्यात, पेज चांदीच्या, फळे आणि खाऊचे पदार्थ पानांवर. समोर रुंद, स्वच्छ पात्रात भात आणि वरण. फळे आणि कोरडे पदार्थ उजवीकडे; रस, पाणी, पन्हे, दूध असे पातळ पदार्थ डावीकडे. गुळाचे पदार्थ या दोन्हींच्या मधे, पुढ्यात. आपल्या पानाशी ताडून पाहिले तर भाताची जागा जुळते आणि बाजू चक्क उलट्या होतात, कारण आपली आमटी उजवीकडे असते. तेव्हा ही मांडणी कोणी एकदाच ठरवून दिलेली आणि तेव्हापासून न बदललेली, असे म्हणता येत नाही. सुश्रुताच्या यादीत पातळ म्हणजे मुख्यतः प्यायच्या गोष्टी आहेत. आपल्याकडे पातळ म्हणजे पोळी बुडवायच्या, भातावर घ्यायच्या. खाण्याची तऱ्हा बदलली तशी बाजू बदलली, आणि टिकला तो हाताचा हिशेब. म्हणूनच डावखुऱ्या पाहुण्यासाठी ताट सरळ उलटे लावावे. आजी असेल तर ती कदाचित भुवया उंचावेल, पण रीतीमागचे कारण पाळायचे तर तेच बरोबर आहे.

युरोपातली मांडणीही हातावरूनच ठरली आहे: काटा डावीकडे, सुरी उजवीकडे, कारण कापणारा हात उजवा. पदार्थ आणण्याच्या बाबतीत मात्र तिथे एकोणिसाव्या शतकात मोठा बदल झाला. आधीच्या फ्रेंच पद्धतीत सगळे पदार्थ एकदम टेबलावर मांडत आणि ज्याच्या हाताला जे लागेल ते तो घेई. नंतर एकामागून एक पदार्थ आणण्याची रशियन पद्धत रुळली आणि आज हॉटेलांत चालते ती तीच. आपले पान या दोन्हींत बसत नाही. सगळे एकाच वेळी समोर असते, पण प्रत्येकाला आपापले. पाहुण्याला अख्खा बेत एका नजरेत कळतो आणि पोटात मठ्ठ्यासाठी, जिलबीसाठी किती जागा राखायची हे त्याचे तोच ठरवतो. मराठी जेवणात आधी भाजी, ती संपल्यावर आमटी, मग चटणी असे टप्पे पाडले तर त्यातला जीवच जातो, कारण इथे चव तयार होते ती खाणाऱ्याच्या बोटांत, दोन-तीन पदार्थ एका घासात आल्यावर. तरीही काही घरांत हौसेने 'कोर्सेस' केले जातात. सूप आणि सॅलड आधी येऊन जातात आणि भाकरी-पिठल्याच्या वेळेला कांदा-काकडी संपलेली असते.

मग सौंदर्याचे काय? जेवण आधी डोळ्यांनी खाल्ले जाते हे आपल्याकडे सगळेच म्हणतात, आणि त्याला प्रयोगांचाही आधार आहे. ऑक्सफर्ड विद्यापीठातले चार्ल्स स्पेन्स आणि त्यांचे सहकारी यांनी २०१४ मध्ये एकच सॅलड तीन तऱ्हांनी मांडून लोकांना खायला दिले. एक नेहमीसारखे कालवलेले, एक प्रत्येक जिन्नस शिस्तीत शेजारी शेजारी लावलेले, आणि एक कान्डिन्स्की या चित्रकाराच्या चित्रासारखे रचलेले. चित्रासारखे रचलेले सॅलड लोकांना अधिक चवदार वाटले आणि त्यासाठी जास्त पैसे मोजायची त्यांची तयारी होती. स्पेनमधल्या दुसऱ्या एका प्रयोगात स्ट्रॉबेरीचे तेच मूस काळ्या बशीपेक्षा पांढऱ्या बशीत अधिक गोड लागले. असे प्रयोग लहान असतात, त्यांवरून फार मोठे निष्कर्ष काढू नयेत. पण मांडणीचा चवीवर काहीच परिणाम होत नाही असे आता कोणी म्हणू शकत नाही. पहिल्या प्रयोगातला दुसरा नमुना मला जास्त बोलका वाटतो. नुसत्या शिस्तीने, सगळे जिन्नस कवायतीसारखे लावून, काम झाले नाही. पदार्थांचा एकमेकांशी संबंध दिसावा लागतो. पानात तो दिसतो. हिरव्याकंच पानावर पांढरी मूद, तिच्यावर पिवळा ओघळ, डावीकडे चटणीचा गडद ठिपका, लोणच्याची लाल फोड, आणि या सगळ्यांच्या मधे सोडलेली मोकळी जागा. ही जागा देखणेपणासाठी सोडलेली नसते, भात कालवायला सोडलेली असते. ताट काठोकाठ भरणारे यजमान नेमके हेच विसरतात. कप्प्यांच्या ताटाचीही अडचण तीच: पदार्थ एकमेकांत मिसळत नाहीत हे खरे, पण कालवायला जागा उरत नाही, आणि कुठल्या कप्प्यात किती वाढायचे हे ताट बनवणाऱ्याने आधीच ठरवून टाकलेले असते.

सर्वांत गंभीर आक्षेप वेगळाच आहे, आणि कर्वेनगरात बसून तो टाळता येणार नाही. पंगत ही नुसती जेवायची रांग नव्हती. कोणी कोणाच्या शेजारी बसायचे नाही, हे ठरवणारी ती जागा होती. ज्यांच्या नावाने हा भाग ओळखला जातो त्या धोंडो केशव कर्वे यांनी १८९३ मध्ये गोदूबाई या विधवेशी लग्न केले, तेव्हा त्यांच्या मुरुड गावाने त्यांच्यावर बहिष्कार घातला. त्याआधी तीन वर्षे, १८९० मध्ये, पुण्यातल्या पंचहौद या ख्रिस्ती मिशनमध्ये टिळक, रानडे अशा मंडळींपुढे चहा-बिस्किटे आली. कोणी घेतली, कोणी नुसतीच पुढ्यात राहू दिली, पण त्यावरून उठलेले वादळ शंकराचार्यांपर्यंत गेले आणि प्रायश्चित्तांवर येऊन थांबले. एका चहाच्या कपाने शहर हादरत असे, तिथे पानाचे गोडवे गाताना जरा सांभाळूनच बोलायला हवे. पण यातून मांडणी वाईट ठरत नाही. वाईट होते ते कोणाला पान मिळणार आणि कोणाला नाही हे ठरवणे. अनंत हरी गद्रे यांनी झुणका-भाकरीचा प्रसाद ठेवून सत्यनारायण घातले आणि ज्यांना कोणी पंक्तीला घेत नव्हते त्यांना तिथे मानाने बसवले. त्यांनी जेवणाचा कार्यक्रम मोडला नाही, त्याचे दार उघडले.

आक्षेपाचा दुसरा भाग बायकांचा. डावे-उजवे बिनचूक, पदार्थ गरम, दुसरी वाढ वेळेवर, हे सगळे जुळून यायचे ते घरातल्या बाया उभ्या राहायच्या म्हणून. त्या जेवायच्या शेवटी, निवलेले, उरलेले. कर्व्यांनी १९०० मध्ये हिंगण्याच्या माळावर, म्हणजे आजच्याच या परिसरात, विधवांसाठी आश्रमाची झोपडी उभी केली. पुढे १९१६ मध्ये महिला विद्यापीठ काढताना त्यांच्यासमोर जपानमधल्या महिला विद्यापीठाचा नमुना होता, आणि मातृभाषेतून शिक्षणाबरोबर गृहव्यवस्था आणि आरोग्य या विषयांना त्यांनी अभ्यासक्रमात जागा दिली. त्यावर पुष्कळांनी नाक मुरडले: शिकून पुन्हा स्वयंपाकघरच का? टीका रास्त होती. पण घरकाम हा अभ्यासाचा विषय मानला की ते कमी कष्टात कसे होईल असा प्रश्न विचारता येतो. नुसते कर्तव्य मानले की तोही विचारता येत नाही. मांडणीकडे मी त्याच नजरेने पाहतो. डाव्या बाजूच्या वस्तू आधी मांडल्या, दुसऱ्या वाढीची भांडी टेबलावरच हाताला येतील अशी ठेवली, पोळ्या डब्यात कापडात गुंडाळल्या, तर घरातली बाई आणि घरातला पुरुष दोघेही पाहुण्यांबरोबर बसू शकतात. यजमानांच्या खुर्च्या मोजल्याशिवाय केलेली टेबलाची सजावट अर्धीच, मग तिच्यावर कितीही मोगरा पसरा. गरम गरम पोळ्यांसाठी कोणाला तरी ओट्याशी उभे ठेवायचे असेल, तर बेतातून पोळ्या काढाव्यात आणि मसालेभात करावा.

फ्लॅटमध्ये टेबल सहा जणांचे आणि माणसे दहा, म्हणून बुफे लागतोच. इथे पान जसेच्या तसे चालत नाही, हे मान्य करायला हवे. उभ्या माणसाच्या डाव्या हातात ताट असते, उजव्याने तो वाढून घेतो, आणि जेवताना ते ताट टेकवायला त्याच्यापाशी काहीच नसते. तीन वाट्या भरलेले ताट एका हातावर तोलत जेवणे ही कसरत आहे. तेव्हा रस्सा, आमटी, बासुंदी असा बेत असेल तर सगळ्यांना बसायला जागा द्यावी, मग ती सतरंजीवर का असेना. आणि उभ्यानेच जेवायचे असेल तर बेत कोरडा करावा: भरली वांगी अंगच्या रसाची, मटकीची उसळ, पुऱ्या, मसालेभात, वाटीऐवजी पेल्यातून मठ्ठा. टेबलावरचा क्रमही पानावरूनच घेता येतो, फक्त तो उलटा फिरवावा लागतो. ताटे पहिल्या टोकाला, मग भात, पोळी, भाजी असे मोठ्या मापाचे पदार्थ, आणि चटणी-लोणचे-पापड शेवटी. चटणी सुरुवातीला ठेवली तर नेमके माप न कळून माणूस तीच जास्त घेतो आणि टाकतो. पाण्याचे पेले या रांगेत नकोतच. ते खोलीच्या दुसऱ्या कोपऱ्यात ठेवले की गर्दी आपोआप दोन ठिकाणी विभागते. बसून हाताने जेवताना पेला डावीकडे असावा. इंग्रजी पद्धतीने उजवीकडे ठेवला की खरकट्या बोटांचे ठसे त्यावर उमटतात, किंवा माणूस ताटावरून डावा हात आडवा नेतो.

आणि ती लाकडी फळी? तिच्याशी भांडण नाही. जेवणाआधी चघळायला काहीतरी समोर असावे ही जगभरची रीत, आपणही शेव-चिवडा ठेवतोच. फळीवर कोथिंबीर वडी, सुरळीची वडी, थालीपिठाचे चौकोनी तुकडे आणि लोण्याची वाटी मांडा, काकडी-गाजराचे लांब काप ठेवा. फक्त फळी कोणत्या बाजूने खाल्ली जाणार हे आधी पाहा. सोफ्यावरचे चार जण एकाच बाजूने हात घालणार असतील तर गोल नक्षी व्यर्थ आहे. मागचा अर्धा भाग कोणाच्या हाताला येत नाही. त्यापेक्षा लहान दोन फळ्या दोन टोकांना ठेवाव्यात. सुरळीच्या वडीवरची फोडणी लाकडात मुरते, म्हणून तिच्याखाली केळीच्या पानाचा तुकडा; पान आधी आचेवर किंचित शेकले तर चिरत नाही. लोण्याच्या वाटीत सुरी आधीच खोचलेली असू द्या, नाहीतर पहिला पाहुणा संकोचतो आणि त्याच्यामागून सगळेच. शिजवलेले पदार्थ, कापलेली फळे, चीज किंवा पनीर खोलीच्या तापमानाला दोन तासांपेक्षा जास्त ठेवू नये, आणि पारा ३२ अंशांच्या वर असेल तर एका तासापेक्षा जास्त नाही, असा अन्नसुरक्षेचा सर्वसाधारण नियम आहे. पुण्याच्या उन्हाळ्यात दुसराच आकडा धरून चाला. म्हणजे फळी एकदाच गच्च भरण्याऐवजी अर्धी भरायची आणि संपेल तशी पुन्हा लावायची. अर्ध्या रिकाम्या फळीचा फोटो चांगला येत नाही, हे खरे.

एक वस्तू मात्र कुठल्याच सजावटीच्या चित्रात दिसत नाही आणि पाहुण्याला सर्वांत आधी लागते. आमटीत शेवग्याच्या शेंगा असतात, आमसुले असतात, फोडणीत कढीपत्ता आणि अख्खी मिरची असते, मटणाच्या बेतात हाडे असतात. हे काढून ठेवायचे कुठे? केळीचे पान मोठे असते, त्याच्या कडेला ते खपून जाते. दहा इंची ताटात ते भाताशेजारीच ढीग करून बसते आणि माणूस पुढचे सगळे जेवण ते चुकवत जेवतो. दोन पाहुण्यांमध्ये एक रिकामी, जरा खोलगट वाटी ठेवावी आणि यजमानाने पहिली शेंग स्वतः चोखून तिच्यात टाकावी, म्हणजे ती कशासाठी आहे हे कोणाला विचारावे लागत नाही.